टक्का कशाचा? भरतीच्या पेपरातली शेकडेवारी, कोल्हापूरच्या हिशेबात

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन आकडे पोराटोरांनाही तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. अशाच एका पावसाळी संध्याकाळी अभ्यासिकेत मी हे दोन आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, पाणी ३९ वरून ४३ वर चढलं तर वाढ किती टक्के? आणि ४३ वरून पुन्हा ३९ वर उतरलं तर घट किती टक्के?

वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणांनी दोन्हीकडे एकच उत्तर लिहिलं. गडहिंग्लजकडचा एक पोरगा तर माझ्याशी भांडायलाच उठला. “सर, चढताना चार फूट, उतरताना बी चारच फूट. मग टक्का कसा बदलंल?”

बदलतो. चढताना त्या ४ फुटांची तुलना ३९ शी होते: ४ ÷ ३९ × १०० = १०.२६ टक्के. उतरताना तुलना ४३ शी: ४ ÷ ४३ × १०० = ९.३० टक्के. टक्का कधी एकटा नसतो, तो कशाचा तरी असतो. हा ‘कशाचा’ म्हणजे मूळ संख्या. इतकी वर्षं पेपर तपासताना मला दिसलंय ते असं, की शेकडेवारीत पोरांचा गुणाकार क्वचितच चुकतो, मूळ चुकतं. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे त्यात प्रत्येक गणितापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा आहे: टक्का कशाचा?

आधी घड्याळ बघा

पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ९० मिनिटांची असते. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान हे सगळं त्यातच. प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. व्याकरणाचे आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न २० ते ३० सेकंदांत उरकले, तर गणिताला दीड मिनिट उरतं. या दीड मिनिटात कागदावर लांबलचक गुणाकार मांडणारा मागे पडतो. लेखीत पात्र ठरायला किमान ४० टक्के गुण लागतात, पण यादीत नाव यायला त्याच्या खूप वर जावं लागतं, हे पहाटे मैदानावर पळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

शेकडेवारीचं एक प्रकरण पक्कं केलं की नफा-तोटा, सूट, सरळव्याज, चक्रवाढ, मिश्रण, लोकसंख्या, निवडणूक एवढी सगळी प्रकरणं निम्मी होऊन जातात. म्हणून सुरुवात इथून.

मूळ कुठं लपलंय, ते शब्दाचं शेपूट सांगतं

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इथे एक फायदा आहे आणि बहुतेकांच्या तो लक्षातच येत नाही. आपल्या भाषेत मूळ संख्येच्या मागे एक शेपूट लागलेलं असतं. ते ओळखायचं.

‘च्या’ असेल तर त्याच्या आधीची संख्या मूळ. ‘६४० च्या ३५ टक्के’ यात मूळ ६४०.

‘पेक्षा’ असेल तर ज्याला पेक्षा लागलंय ते मूळ. ‘सुमनचा पगार राधापेक्षा २५ टक्के जास्त आहे.’ वाक्य सुमनपासून सुरू होतं म्हणून पोरं सुमनला १०० धरतात. १०० राधा आहे, सुमन १२५.

‘वरून’ असेल तर जिथून निघालो ते मूळ. भाव ४० वरून ५० झाला, तर मूळ ४० आणि वाढ २५ टक्के.

‘पैकी’ असेल तर ज्याच्यापैकी ते मूळ. ७५ पैकी ६० गुण, मूळ ७५, म्हणजे ८० टक्के.

‘वर’ असेल तर ज्याच्यावर ते मूळ. खरेदीवर नफा, छापील किमतीवर सूट, मुद्दलावर व्याज.

एक शेपूट मात्र फसवतं. ‘भाव २० टक्क्यांनी वाढला’ यातलं ‘नी’ फक्त टक्का सांगतं, मूळ सांगतच नाही. अशा वेळी आधीचा भाव हेच मूळ, हे आपण मनाने भरायचं असतं. तसंच ‘२० टक्के नफा झाला’ एवढंच म्हटलं असेल तर तो खरेदीवरचा नफा. विक्रीवरचा असेल तर प्रश्नात तसं लिहिलेलं असतं.

पुढचा आठवडाभर एक काम करा. जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, गणितं सोडवू नका, फक्त मूळ संख्येभोवती पेन्सिलीने गोल काढा. रोज ३० प्रश्न. पोरांना हे काम फार कंटाळवाणं वाटतं. मीही कबूल करतो की वाटतंच. तरी करा.

तीन आकडे, तीन प्रश्न

मूळ × टक्का ÷ १०० = भाग. यातले कोणतेही दोन दिले की तिसरा निघतो. त्यामुळे प्रश्नही तीनच तऱ्हेचे.

६४० च्या ३५ टक्के किती? भाग काढायचा आहे: २२४.

७५ पैकी ६० म्हणजे किती टक्के? टक्का काढायचा आहे: ८०.

कोणत्या संख्येचे १२ टक्के ७८ होतात? इथे मूळ काढायचं आहे. शाळेतली एकमान पद्धत वापरा. १२ टक्के म्हणजे ७८, तर १ टक्का म्हणजे ६.५, आणि १०० टक्के म्हणजे ६५०. ‘१ टक्का किती?’ हा टप्पा सोपा दिसतो, पण अवघडातली अवघड गणितं त्यावरच सुटतात. पुढे दिसेलच.

दहा टक्क्यांपासून सुरुवात

दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवलं की १० टक्के, दोन घरं सरकवलं की १ टक्का. बाकी सगळं यांच्यातूनच जोडायचं किंवा वजा करायचं.

३,४५० चे १८ टक्के काढायचे आहेत. ३,४५० ला १८ ने गुणत बसू नका. १० टक्के ३४५, म्हणून २० टक्के ६९०. त्यातून २ टक्के, म्हणजे ६९ वजा. उत्तर ६२१. कागद लागलाच नाही.

दुसरी गोष्ट, टक्का आणि संख्या यांची अदलाबदल चालते. २५ चे १६ टक्के आणि १६ चे २५ टक्के सारखेच, दोन्ही ४. ७५ चे ३६ टक्के विचारले तर ३६ चे ७५ टक्के काढा, म्हणजे ३६ ची पाऊण: २७.

सोळा आणे

माझे आजोबा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांना जायचे. शाळा चौथीपर्यंतची, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ. ‘टक्के’ हा शब्द त्यांनी हिशेबात फारसा वापरलेला मला आठवत नाही. कुणी २५ टक्के म्हटलं की ते ‘चार आणे’ म्हणायचे आणि उत्तर आमच्या आधी सांगून मोकळे व्हायचे.

त्यात मोठं शहाणपण आहे. रुपयाचे १६ आणे, म्हणजे १०० टक्के. म्हणून तर एखादी गोष्ट ‘सोळा आणे खरी’ असते. पिकाची आणेवारीही त्याच हिशेबातून आली, पुढे तिची पैसेवारी झाली. परीक्षेत साडेबारा, साडेसदतीस, साडेसत्त्याऐंशी असे विचित्र टक्के येतात, ते सगळे आण्यांतले आहेत:

२ आणे = १/८ = १२.५ टक्के
४ आणे = १/४ = २५ टक्के
६ आणे = ३/८ = ३७.५ टक्के
८ आणे = १/२ = ५० टक्के
१० आणे = ५/८ = ६२.५ टक्के
१२ आणे = ३/४ = ७५ टक्के
१४ आणे = ७/८ = ८७.५ टक्के

‘७२० चे ३७.५ टक्के’ असा प्रश्न आला की अष्टमांश ९०, त्याची तिप्पट २७०. दहा सेकंद.

आण्यांत न बसणारे काही अपूर्णांक वेगळे पाठ करावे लागतात: १/३ = ३३ १/३, १/६ = १६ २/३, १/७ = १४ २/७, १/९ = ११ १/९, १/११ = ९ १/११, १/१२ = ८ १/३. शेवटच्याची आठवण गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात ठेवा. २२ कॅरेट सोनं म्हणजे २४ पैकी २२ भाग शुद्ध, ११/१२. एक बारांश कमी, म्हणजे १०० मधून ८.३३ वजा, ९१.६७. दागिन्यावर ९१६ चा जो शिक्का असतो तो हाच आकडा, हजारात मोजलेला. १८ कॅरेट म्हणजे बरोबर पाऊण, ७५ टक्के.

वाढ आणि घट: बेरीज नको, गुणाकार

२० टक्के वाढ म्हणजे १.२० ने गुणा. २० टक्के घट म्हणजे ०.८० ने गुणा. हे गुणक हातात आले की एकामागून एक होणाऱ्या बदलांची भीती जाते.

दुकानदाराने १,५०० रुपयांच्या कोल्हापुरी चपलेचा भाव २० टक्क्यांनी वाढवला आणि मग त्यावर २० टक्के सूट दिली. भाव पुन्हा १,५०० होत नाही. १,५०० × १.२ = १,८००, आणि १,८०० × ०.८ = १,४४०. साठ रुपये गेले, म्हणजे ४ टक्के. कारण विचारा तोच प्रश्न: पहिले २० टक्के १,५०० चे होते, दुसरे १,८०० चे.

सूत्र हवं असेल तर हे घ्या: अ + ब + (अ × ब ÷ १००). घट असेल तर ऋण चिन्ह लावा. वरच्या गणितात २० − २० − ४ = −४. जाहिरातीतली ‘३० टक्के आणि वर आणखी १० टक्के सूट’ म्हणजे −३० − १० + ३ = −३७. चाळीस नाही, सदतीस.

गुजरीतलं बिल बघू. सोनं ६०,००० रुपयांचं, घडणावळ १२ टक्के, आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी धरू. १२ आणि ३ मिळून १५ टक्के म्हणून ६९,००० म्हणाल तर चुकाल. ६०,००० × १.१२ = ६७,२००, आणि त्यावर ३ टक्के धरून ६९,२१६. वरचे २१६ रुपये आले कुठून? घडणावळीच्या ७,२०० वर लागलेल्या ३ टक्क्यांतून.

नफ्याची गणितंही याच गुणकांनी सोडवा. खरेदीवर ४० टक्के वाढवून छापील किंमत लावली आणि २५ टक्के सूट दिली: १.४ × ०.७५ = १.०५. म्हणजे ५ टक्के नफा. दोन ओळींत संपलं.

उलटा प्रवास

आता तो प्रश्न, ज्याने माझा स्वतःचा एक पेपर घालवला होता. ‘१५ टक्के वाढीनंतर पगार १,३८० रुपये झाला, तर मूळ पगार किती?’ मी १,३८० चे १५ टक्के काढले, २०७ वजा केले आणि १,१७३ वर खूण करून पुढे गेलो. पर्यायात १,१७३ होता. पेपर काढणारा आपल्यापेक्षा हुशार असतो, आपण कुठे घसरणार ते तो आधीच पर्यायात लिहून ठेवतो.

ते १५ टक्के जुन्या पगाराचे आहेत, १,३८० चे नाहीत. १,३८० म्हणजे ११५ टक्के. १ टक्का १२, म्हणून १०० टक्के १,२००.

तांबडा-पांढऱ्याच्या थाळीचं बिल ५ टक्के जीएसटी धरून ४२० रुपये झालं. थाळीची किंमत किती? ४२० चे ५ टक्के २१, वजा करून ३९९ असं वाटतं. खरं उत्तर ४२० ÷ १.०५ = ४००. एका रुपयाचाच फरक आहे, पण ३९९ वर खूण केली तर गुण शून्य.

याच घरातला भरतीचा लाडका प्रश्न: ‘साखरेचा भाव २५ टक्क्यांनी वाढला. खर्च तेवढाच ठेवायचा असेल तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा?’ अपूर्णांकात विचार करा. भाव १/४ ने वाढला, म्हणजे ४ चे ५ झाले. आता ५ चे पुन्हा ४ करायचे, म्हणजे १/५ कमी, २० टक्के. नियम असा, वाढ १/४ असेल तर परतीची घट १/५, वाढ १/५ असेल तर घट १/६, वाढ १/१० असेल तर घट १/११. उलट बाजूनेही तसंच: घट १/४ असेल तर परतीची वाढ १/३. हे एकदा डोक्यात बसलं की सुमन आणि राधाचे सगळे प्रश्न सुटतात. सुमन राधापेक्षा २५ टक्के जास्त, म्हणून राधा सुमनपेक्षा २० टक्के कमी.

आणखी एक, थोडा चतुर प्रश्न. ‘गुळाचा भाव २० टक्क्यांनी उतरल्यामुळे ६०० रुपयांत २ किलो गूळ जास्त मिळतो. नवा भाव किती, जुना किती?’ यात क्ष मानण्याची गरज नाही. भाव उतरल्यामुळे ६०० चे २० टक्के, म्हणजे १२० रुपये वाचले. त्या १२० रुपयांत नव्या भावाने २ किलो आला. नवा भाव ६० रुपये. हा जुन्याच्या ८० टक्के आहे, म्हणून जुना ७५. पडताळा: ६०० ÷ ७५ = ८ किलो, ६०० ÷ ६० = १० किलो.

टक्के आणि टक्केबिंदू: उसाचा हिशेब

हा भाग भरतीत क्वचित येतो, पण राज्यसेवेच्या आकडेवारीच्या प्रश्नांत हमखास घोळ घालतो. शिवाय आपल्या जिल्ह्यात निम्म्या पोरांच्या घरी ऊस आहे, मग त्यांना हे आलंच पाहिजे.

साखर उतारा म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली. १२.२५ चा उतारा म्हणजे १ टन उसातून १२२.५ किलो साखर. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्याच्यावर प्रत्येक ०.१ ला ३ रुपये ४६ पैसे जादा.

आता उतारा १२.२५ असेल तर? १०.२५ पासून २ ची वाढ. त्यात ०.१ चे २० टप्पे. २० × ३.४६ = ६९.२०. एकूण ४२४.२० रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ४,२४२. यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो, ते वेगळं.

प्रश्न असा: उतारा किती टक्क्यांनी वाढला? ‘२ टक्के’ म्हणाल तर गणितात चूक. १०.२५ वरून १२.२५, वरून आलं म्हणजे मूळ १०.२५. २ ÷ १०.२५ × १०० = १९.५१ टक्के. ती २ ची वाढ टक्केबिंदूंची आहे. दोन टक्केवाऱ्यांची नुसती वजाबाकी केली की जे येतं ते टक्केबिंदू. व्याजदर ६ वरून ८ टक्के झाला, तर वाढ २ टक्केबिंदू, पण ३३.३३ टक्के. बातम्यांत हे दोन्ही सर्रास एकाच ‘टक्क्यांनी’त कोंबलेलं असतं.

आणि एक गंमत. ३५५ ला १०२.५ ने भागा, ३.४६ येतात. म्हणजे तो जादा दर आकाशातून पडलेला नाही, १०.२५ मधल्या प्रत्येक ०.१ च्या वाट्याला जेवढे रुपये येतात तेवढेच पुढे लावलेत. बापाच्या उसाच्या बिलावर हे पडताळून बघितलेला पोरगा शेकडेवारी विसरत नाही, हा माझा अनुभव.

जे बदलत नाही त्याला धरा

मिश्रणाच्या गणितात सगळे जण वाढणाऱ्या वस्तूमागे धावतात. ‘४० लिटर दुधात १० टक्के पाणी आहे. किती पाणी घातलं तर पाणी २० टक्के होईल?’ आधी ४ लिटर होतं, आणखी ४ घातलं की झालं, असं वाटतं. पण पाणी घातल्यावर एकूणही वाढतं, म्हणजे मूळच बदलतं.

दूध बदलत नाही. दूध आहे ३६ लिटर. शेवटी तेच ३६ लिटर ८० टक्के असलं पाहिजे. मग १०० टक्के ४५ लिटर. घालायचं पाणी ५ लिटर.

गुऱ्हाळावर हेच उलट घडतं, पाणी जातं. समजा रसात ८० टक्के पाणी आहे आणि तयार गुळात ४ टक्के, आणि मळीत जाणारा भाग सोडून देऊ. ४८० किलो रसाचा गूळ किती? रसातला घन भाग २० टक्के, ९६ किलो. काहिलीतून वाफ कितीही गेली तरी हे ९६ किलो तिथेच राहतात. गुळात तेच ९६ टक्के आहेत. म्हणून गूळ १०० किलो.

पेपरात वरचेवर येणारे

*गुणांचे.* ३२ टक्के गुण मिळवणारा १६ गुणांनी नापास, उत्तीर्ण होण्यासाठी ४० टक्के हवेत. फरक ८ टक्के, म्हणजे १६ गुण. १ टक्का २, एकूण २०० गुण. थोडा अवघड करून असा येतो: एकाला ३० टक्के मिळाले, तो १५ गुणांनी नापास, दुसऱ्याला ४५ टक्के मिळाले, त्याला गरजेपेक्षा ३० गुण जास्त. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर १५ टक्के, आणि गुणांत १५ + ३० = ४५. म्हणून १ टक्का ३ गुण, एकूण ३००. इथे ३० मधून १५ वजा करणारे खूप सापडतात. फळ्यावर एक आडवी रेघ काढा, मध्ये उत्तीर्णतेची खूण, एक माणूस तिच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. बेरीज का ते लगेच दिसतं.

*निवडणुकीचे.* सेवा सोसायटीच्या एका जागेसाठी दोघे उभे. ४,००० मतं पडली, ५ टक्के अवैध. विजयी उमेदवाराला वैध मतांच्या ५५ टक्के. किती मतांनी विजयी? वैध ३,८००. ५५ आणि ४५ मधला फरक १० टक्के, तो ३,८०० चा: ३८०. ‘वैध मतांच्या’ यातलं ‘च्या’ वाचलं नाही तर ४००, आणि तो पर्याय छापलेला असतोच.

*दोन विषयांचे.* ३५ टक्के गणितात नापास, २५ टक्के मराठीत, १० टक्के दोन्हीत. एकूण नापास ३५ + २५ − १० = ५०. उत्तीर्ण ५०. संपलं.

*वजनात मारणारा दुकानदार.* किलोच्या भावात ९०० ग्रॅम देतो. नफा १० टक्के वाटतो. त्याने माल दिला ९०० ग्रॅमचा, त्यावर फायदा १०० ग्रॅमचा. १/९, म्हणजे ११ १/९ टक्के.

*लोकसंख्येचे.* इथे अंदाज शिका. जनगणनेप्रमाणे कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३५,२३,१६२ होती, २०११ मध्ये ३८,७६,००१. दशकात किती टक्के वाढ? भागाकार मांडायच्या आधी ३५.२३ लाखांचे १० टक्के काढा: ३.५२. दोन्हींची बेरीज ३८.७५. आपल्याला हवेत ३८.७६. म्हणजे उत्तर १० च्या केसभर वर, १०.०१. पर्याय ८.५, १०.०१, ११.२, १२.४ असे असतील तर भागाकाराची गरजच नव्हती.

घरी सोडवायला

घड्याळ लावा. सहा प्रश्न, नऊ मिनिटं.

१. राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी. धरण ७५ टक्के भरलं तर पाणी किती?
२. चौरस वाफ्याची बाजू २० टक्क्यांनी वाढवली तर क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढेल?
३. खरेदीवर ५० टक्के वाढवून छापील किंमत लावली, २० टक्के सूट दिली, तरी २४० रुपये नफा झाला. खरेदी किती?
४. अ चा पगार ब पेक्षा ४० टक्के कमी. ब चा पगार अ पेक्षा किती टक्के जास्त?
५. गावात ६,००० लोक. पुरुष ५ टक्क्यांनी आणि स्त्रिया १० टक्क्यांनी वाढल्या, लोकसंख्या ६,४४० झाली. आधी स्त्रिया किती?
६. चटणीसाठी ४५ किलो ओली मिरची आणली, तिच्यात ८० टक्के पाणी. वाळल्यावर १० टक्के पाणी उरलं. वाळलेली मिरची किती किलो?

उत्तरं. पहिलं ६.२७ टीएमसी: बारा आणे, म्हणजे चौथा हिस्सा २.०९ वजा. दुसरं ४४ टक्के: २० + २० + ४. तिसरं १,२०० रुपये: १.५ × ०.८ = १.२, म्हणजे २० टक्के नफा २४० चा. चौथं ६६ २/३ टक्के: ब १००, अ ६०, आणि ६० वर ४० ची वाढ. सहावं १० किलो: घन भाग ९ किलो, तोच आता ९० टक्के.

पाचवं जरा वेगळ्या वाटेने करा. सगळे ६,००० पुरुषच आहेत असं समजा. ५ टक्क्यांनी वाढ ३०० झाली असती. प्रत्यक्षात ४४० झाली. वरचे १४० आले ते स्त्रियांच्या जादा ५ टक्क्यांमुळे. ५ टक्के म्हणजे १४०, तर स्त्रिया २,८००.

तो गडहिंग्लजकडचा पोरगा पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, वहीत काहीतरी मांडून. “सर, पाणी शंभर टक्के वाढलं आन् मग शंभर टक्के उतरलं, तर पंचगंगा कोरडी पडंल की!”